हेलिकॉप्टर उतरते कोठे?

हेलिकॉप्टर कोठेही उतरू शकते, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. या समजुतीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. विमानाला हजार-दोन हजार मीटरांची धावपट्टी लागते आणि हेलिकॉप्टरचे काम एखाद्या मोठ्या अंगणात भागते, हा भेद खराच. परंतु ते अंगण कसे असावे, याच्या अटी धावपट्टीच्या अटींहून काही कमी कडक नाहीत. विमानतळ सोडून हे यंत्र आजवर कोठे कोठे टेकले, कोठे टेकता टेकता घात झाला आणि तो का झाला, हे पाहिले म्हणजे यंत्राचा स्वभाव तर कळतोच. शिवाय अडीअडचणीच्या प्रसंगी आपल्या गावाला त्याचा उपयोग होईल की नाही, याचाही अंदाज येतो. म्हणूनच हा विषय आम्ही आज निवडला आहे.

प्रथम थोडे यंत्राविषयी. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरची पाती हवेला जोराने खाली ढकलतात आणि त्या ढकलण्याच्या बळावर यंत्र वर राहते. पोहणारा मनुष्य पाणी मागे सारून पुढे जातो, त्यातलाच हा प्रकार. आता ढकलावयाला हवा दाट हवी. उंच पर्वतावर ती विरळ असते, आणि वैशाखाच्या उन्हात तापलेली हवाही विरळच असते. म्हणून जे हेलिकॉप्टर समुद्रकाठी सकाळच्या गारव्यात पाच माणसे लीलया उचलते, तेच डोंगरमाथ्यावर भर दुपारी दोन माणसांनाही कुरकुरते.

दुसरी गोष्ट अशी की, जमिनीजवळ आल्यावर, म्हणजे साधारण पात्यांच्या घेराएवढ्या उंचीच्या आत, यंत्राला तरंगत राहण्यास कमी शक्ती पुरते. खाली ढकललेली हवा जमिनीमुळे अडते आणि जणू हवेची गादी तयार होते, असे सोप्या भाषेत म्हणता येईल. पण ही गादी सपाट, टणक जमिनीवर चांगली मिळते. उंच गवतावर, उतारावर किंवा गच्चीच्या कडेशी ती अर्धवट मिळते. गादीच्या आधाराने खाली टेकलेले यंत्र ओझे घेऊन गादीच्या वर निघेलच, अशी खात्री नसते. उतरता आले म्हणजे उडता येईलच असे नाही, हे या विद्येतले पहिले सूत्र होय.

तिसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विहिरीत घागर सोडावी तसे हेलिकॉप्टर सरळ खाली सोडणे धोक्याचे असते. सरळ आणि वेगाने खाली आले, तर ते आपणच ढवळलेल्या हवेत सापडते, आणि वैमानिकाने शक्ती वाढविली तरी सावरण्याऐवजी अधिकच खचते. म्हणून शहाणा वैमानिक वाऱ्याकडे तोंड करून, तिरकस उतरणीने, वेग हळूहळू कमी करीत येतो. याचा अर्थ असा की, हेलिकॉप्टरला केवळ अंगण पुरत नाही. अंगणापर्यंत येणारी आणि तेथून जाणारी मोकळी वाटही आकाशात असावी लागते.

इंजिन बंद पडले तर काय, असा प्रश्न येथे सहज येईल. काही झाडांचे पंख असलेले बी गिरक्या घेत सावकाश खाली येते, तशी युक्ती येथे करतात. पात्यांचा कल कमी केला की खालून येणारी हवाच त्यांना फिरवीत राहते आणि जमिनीजवळ कल एकदम वाढवून वैमानिक शेवटचा धक्का मोडतो. २१ जून १९७२ रोजी ज्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा जातीचे हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तेथे इंजिन बंद पडले आणि पुन्हा सुरू होईना. एवढ्या उंचीवरून तो इंजिनावाचून सुखरूप खाली आला. याच लामाची भारतीय आवृत्ती म्हणजे आपले चीता हेलिकॉप्टर.

आता जागांकडे वळू. विमानतळावाचून उतरण्याची खरी परीक्षा प्रथम युद्धात झाली आणि तिचा धागा आपल्या देशाशी जुळलेला आहे. इगोर सिकोर्स्की यांच्या यंत्राने १९३९ साली दोरखंडांनी बांधलेल्या स्थितीत पहिले उड्डाण केले. त्यानंतर पाच वर्षांच्या आतच, एप्रिल १९४४ मध्ये, एक छोटे अमेरिकन विमान ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी फळीमागे पडले. त्यात वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. आसामातील लालाघाट येथील तळावरून कार्टर हार्मन हा तरुण अधिकारी हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्याचे यंत्र इतके दुबळे की, त्या उष्ण, दमट हवेत वैमानिकाखेरीज एकाच माणसाला ते उचलू शके. तेव्हा त्याने चार खेपा केल्या. जंगलातील लहानशा मोकळ्या जागेतून एकेकाला उचलावे, नदीकाठच्या वाळवंटावर आणून सोडावे आणि तेथून हलक्या विमानाने त्याला पुढे न्यावे, अशी ती व्यवस्था होती. मध्येच इंजिन तापल्यामुळे रात्रभर थांबावे लागले. पण चौघेही वाचले. युद्धभूमीवरून हेलिकॉप्टरने माणसे सोडविण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो.

पर्वतांची गोष्ट अधिक कठोर आहे. ६ जून १९५५ रोजी ज्याँ म्वान याने माँ ब्लाँ या आल्प्समधील सर्वोच्च शिखरावर हेलिकॉप्टर टेकविले तेव्हा मोठे कौतुक झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५६ मध्ये, त्याच पर्वतावर व्हँसाँदाँ आणि आंरी हे दोन तरुण गिर्यारोहक हिमवादळात अडकले. त्यांच्यासाठी पाठविलेले मोठे हेलिकॉप्टर जवळ उतरू लागताच त्याच्याच वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उधळले. वर-खाली सारे पांढरे झाले, वैमानिकाला जमीन दिसेना आणि यंत्र बर्फात कोसळले. आता सोडवावयास आलेल्यांनाच सोडविण्याची पाळी आली. नव्या, हलक्या आल्युएत हेलिकॉप्टरांनी ३ जानेवारी १९५७ रोजी त्यांना खाली आणले; पण ते दोन तरुण मात्र पडलेल्या यंत्राच्या सांगाड्यातच राहिले आणि मरण पावले. साऱ्या फ्रान्सला ही गोष्ट लागली. पर्वतातील बचावाचे काम हौशी लोकांवर न सोपविता त्यासाठी खास शिकविलेली पथके हवीत, हा धडा त्या देशाने यातून घेतला.

याच्या नेमकी उलट गोष्ट २००५ सालची. १४ मे रोजी दिदिए देल्साल या वैमानिकाने एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवून तीन मिनिटे पन्नास सेकंद ठेवले. त्याने यंत्रातील अनावश्यक वजन काढून टाकले होते आणि कड्यावरून वर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार घेतला होता. पराक्रम मोठा, पण यामुळे एव्हरेस्ट हा हेलिकॉप्टरचा थांबा झाला असे कोणी समजू नये. या विद्येचा रोजचा, गाजावाजा नसलेला पराक्रम पाहावयाचा तर सियाचीनकडे पाहावे. १९८४ पासून तेथील चौक्यांना आमच्या सैन्याची चीता हेलिकॉप्टरे रसद पोचवीत आली. सहा हजार मीटरांच्या आसपासच्या चौक्यांवर बर्फ तुडवून केलेल्या चौथऱ्यावर ती टेकत. इंजिन बंद करावयाचे नाही, कारण त्या हवेत ते पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नाही. थोडेसे सामान उतरवावयाचे, आजारी जवान असेल तर त्याला उचलावयाचे आणि निघावयाचे. तळावर ज्या यंत्रात माणसे बसतात, त्यात वर जाताना किलो-किलोचा हिशोब करावा लागतो.

शहरातल्या माणसाला सर्वांत मोहक वाटणारी जागा म्हणजे इमारतीची गच्ची. न्यूयॉर्कमध्ये पॅन अॅम या एकोणसाठ मजली इमारतीच्या माथ्यावरून १९६५ च्या अखेरीस विमानतळापर्यंत हेलिकॉप्टरची ने-आण सुरू झाली. ती १९६८ मध्ये बंद पडली आणि १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १६ मे १९७७ रोजी गच्चीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा एक पाय धातूच्या थकव्यामुळे मोडला. यंत्र कलंडले, फिरती पाती चढणाऱ्या उतारूंवर आदळली आणि चौघे ठार झाले. पात्याचा एक तुकडा खाली रस्त्यावर पडून पायी जाणारी एक स्त्रीही प्राणास मुकली. तो थांबा कायमचा बंद झाला. गच्चीवर उतरताना धोका केवळ वरच्यांना नसतो, खालून जाणाऱ्या अनभिज्ञ माणसालाही असतो, ही जाणीव तेव्हा झाली.

म्हणून गच्चीचा उपयोग सोयीसाठी नव्हे, तर निकडीसाठी करावा, असे आम्हांस वाटते. लंडनच्या रॉयल लंडन रुग्णालयाच्या गच्चीवर १९९० पासून हेलिकॉप्टर उतरत आले आहे. तेथे वाचलेली मिनिटे म्हणजे वाचलेले प्राण असतात. निकडीचे दुसरे चित्र सायगावचे. २९ एप्रिल १९७५ रोजी एका निवासी इमारतीच्या माथ्यावरील लिफ्टच्या खोलीच्या छपरावर एक छोटे हेलिकॉप्टर टेकले आणि अरुंद शिडीवर माणसांची रांग लागली. हे छायाचित्र जगभर गेले. ती अमेरिकेच्या वकिलातीची इमारत, असे अजूनही पुष्कळ ठिकाणी छापले जाते. वस्तुतः ती वकिलात नव्हती.

मुंबईकरांना जवळची जागा म्हणजे समुद्र. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल लागले, आणि किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर लोखंडी फलाट उभे राहिले. तेथे काम करणारी माणसे जुहूच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरने जातात. १९२८ साली सुरू झालेला हा देशातील पहिला मुलकी विमानतळ आज मुख्यतः हेलिकॉप्टरांचे घर आहे. समुद्रातील फलाटावरची उतरण्याची जागा मुद्दाम कडेला, बाहेर काढलेली असते; कारण यारी, मनोरे आणि जळत्या वायूची ज्वाळा यांच्यामुळे हवा उसळते, तापते. चाके घसरू नयेत म्हणून जागेवर जाळे पसरतात. उतारूंना पाण्यात उलट्या पडलेल्या सांगाड्यातून बाहेर कसे पडावे, हेही आधी शिकविलेले असते. हे शिक्षण दिखाऊ नव्हे. २८ जून २०२२ रोजी तेथील एका रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. नऊ जणांपैकी पाच वाचले, चौघे गेले.

बर्फाने जे माँ ब्लाँवर केले, ते वाळवंटात धूळ करते. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांना सोडविण्यासाठी अमेरिकेने आठ हेलिकॉप्टरे पाठविली. वाळवंटातील ठरलेल्या जागी सहाच पोचली, त्यांतील पाचच धड होती. मोहीम सोडून परतताना उधळलेल्या धुळीत एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळले आणि आठ जण मेले. धूळ ही किरकोळ बाब नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. फार काय, मंगळावरही हाच अनुभव आला. तेथील हवा आपल्या हवेच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाइतकी दाट. तरीही पावणेदोन किलोचे इन्जेन्युइटी हे यंत्र १९ एप्रिल २०२१ रोजी उडाले आणि त्याने ७२ उड्डाणे केली. जानेवारी २०२४ मध्ये मात्र खाणाखुणा नसलेल्या वाळूवर उतरताना त्याला आपली गती नीट कळेना. पाती मोडली आणि कार्य संपले. विरळ हवेशी झुंजून जिंकलेले यंत्र उतरण्याच्या जागेपाशी हरले.

कधी कधी उतरूच नये, यातच शहाणपण असते. २८ नोव्हेंबर २००८ रोजी कुलाब्याच्या नरिमन हाउसवर कमांडो पोचले ते हेलिकॉप्टर गच्चीवर टेकवून नव्हे. ते वर तरंगत राहिले आणि जवान दोरावरून उतरले. पुराच्या पाण्यातून किंवा घराच्या पत्र्यावरून माणूस दोराने वर ओढून घेतात, तोही हाच मार्ग. पण तरंगत राहण्यास शक्ती फार लागते आणि एका वेळी एकदोनच माणसे वर येतात. शेकडो लोकांना हलवावयाचे असेल तर शेवटी जमीनच लागते. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या परिसरात महापुराने रस्ते वाहून गेले तेव्हा अरुंद दरीतील मिळेल त्या सपाट तुकड्यावर हेलिकॉप्टरे उतरत होती. हजारो यात्रेकरू त्यामुळे सुटले. २५ जून रोजी गौरीकुंडाजवळ वायुदलाचे एक हेलिकॉप्टर कोसळून वीस जणांचे बलिदानही झाले. जागेच्या अडचणीची किंमत कोण देतो, हे आपण विसरता कामा नये.

आता आपल्या गावाचा विचार करू. निवडणुकीच्या हंगामात शाळेच्या मैदानावर फक्कीने वर्तुळ आखून त्यात इंग्रजी एच काढतात, टँकरने पाणी मारतात आणि कडेला निशाण लावतात, हे आपण पाहिले आहे. पाणी धूळ बसण्यासाठी, निशाण वाऱ्याची दिशा कळण्यासाठी. ही पुढाऱ्यांसाठी होणारी तयारी पुरात अडकलेल्या बाळंतिणीसाठी, सर्पदंश झालेल्या मुलासाठी का असू नये? त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, दूरदृष्टी लागते. पाण्याखाली न जाणारे, टणक, जवळजवळ सपाट असे एक मैदान राखावे. पाच-दहा अंशांपलीकडचा उतार बहुतेक हेलिकॉप्टरांना चालत नाही. किमान दोन बाजूंनी झाडे, मनोरे आणि विशेषतः विजेच्या तारा नसाव्यात. तार वरून जवळजवळ दिसतच नाही. वैमानिक खांब पाहून तारेचा तर्क करतो. पत्रे, ताडपत्र्या, कागद असे काहीही सैल पडू देऊ नये. ते उडून पात्यांत जाते.

आणि माणसांनी गर्दी करू नये. वैमानिकाने खूण केल्यावाचून कोणी जवळ जाऊ नये. जावयाचे तर समोरून, त्याला दिसेल असे, वाकून जावे. शेपटीकडे तर कधीच जाऊ नये, कारण तेथील लहान पंखा फिरताना डोळ्यांना दिसत नाही. उतार असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नये; तिकडे पाती जमिनीच्या अगदी जवळ येतात.

गावोगावची मोकळी मैदाने आज झपाट्याने बुजत चालली आहेत. कोठे दुकानांचे गाळे उठतात, कोठे मधूनच तारांची ओळ जाते. मैदान मुलांच्या खेळासाठी राखावे, असे आम्ही सांगू लागलो तर त्यास हौस म्हणतात. पण ज्या दिवशी पूल वाहून जातो आणि रस्ता खचतो, त्या दिवशी गावाचा जगाशी उरलेला एकमेव दुवा ते मैदानच असते. हेलिकॉप्टर सरकारने पाठवावयाचे आहे. त्याला टेकण्यापुरती जमीन मात्र आपणच राखावयाची आहे.