बोल्ट तुटतो कुठे, सुटतो कसा

पुणे-हैदराबाद, धुळे-विजयपूर आणि रत्नागिरी-नागपूर हे तिन्ही महामार्ग सोलापुरातून जातात. त्यामुळे इथल्या गॅरेजांत कोकणातले पावसाळे काढलेले ट्रकही येतात आणि वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या कोरड्या पट्ट्यातच आयुष्य घालवलेलेही. गॅसकेट उडाले, मॅनिफोल्ड फुंकायला लागला की केबिन उचलून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बोल्टना पाना लावला जातो, आणि तिथे दोघांचीही रड एकच: बोल्ट जाम.

कोरड्या हवेतला बोल्ट का जाम व्हावा? गंज चढायला कोकणातला पाऊसच लागतो असे नाही. डिझेल इंजिनावर भार आला की मॅनिफोल्डमधून पाचशे ते सातशे अंश सेल्सिअसचा वायू वाहतो. या उष्णतेत लोखंड हवेतल्या ऑक्सिजनशी थेट संयोग पावते आणि आट्यांवर काळी खपली धरते. ओलाव्याने चढलेला तांबडा गंज तर ज्या लोखंडापासून तयार झाला, त्याच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आट्यांमधल्या फटीत तेवढी जागा नसतेच. मग गंज पाचरीसारखा ठोकून बसतो.

दुसरे कारण लांबीचे. सोलापुरात किर्लोस्कर फेरसच्या फाउंड्रीत इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. तशाच बिडाचा मॅनिफोल्डही असतो. हेडमध्ये पाणी फिरत असल्याने ते शंभर अंशांच्या आसपास राहते, मॅनिफोल्ड मात्र कितीतरी जास्त तापतो. अर्धा मीटर लांबीचे बीड पाचशे अंशांनी तापले तर पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते. म्हणून मोठ्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत मॅनिफोल्ड तुकड्यातुकड्यांत, सरकत्या जोडाने बसवतात आणि बोल्टची भोके थोडी सैल ठेवतात. तरीही ही ओढाताण सर्वांत जास्त सोसतात ते दोन टोकांचे बोल्ट. कसबी मिस्त्री टोकाच्या बोल्टला हात लावताना जास्त सावध असतो, त्यामागे हे गणित आहे.

तुटण्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. जोर लागतो डोक्याला, अडलेले असतात आटे, आणि मधला दांडा ओला टॉवेल पिळावा तसा पिळला जातो. 8.8 दर्जाचा 10 मिलिमीटरचा बोल्ट साधारण 70 न्यूटन-मीटरच्या पिळाला तुटू शकतो. पान्यावर मीटरभर पाइप चढवून दहा किलोचा जोर दिला, तर पीळ होतो 98. म्हणजे पाइप हे जाम बोल्टवरचे औषध नव्हे, तो तोडण्याचा हमखास मार्ग आहे. जोर वाढवण्याऐवजी आट्यांची पकड कमी करायची, ही खरी विद्या.

त्यातला पहिला उपाय बिनखर्चाचा: वेळ. तारेच्या ब्रशने आटे साफ करून आदल्या संध्याकाळी भेदक तेल सोडायचे. पातळ तेल केशाकर्षणाने गंजाच्या बारीक भेगांत शिरते. मग डोक्यावर हातोडीचे सरळ, नेमके ठोके. या कंपनांनी ठिसूळ गंजाला तडे जातात आणि तेलाला नवी वाट मिळते.

तरीही बोल्ट हलला नाही, तर गॅस. स्टडवरचा नट झटकन तापवला तर तो फुगतो, आतला स्टड मात्र अजून थंड असतो. चारशे अंशांच्या फरकाने 10 मिलिमीटरचे भोक जेमतेम पाच शतांश मिलिमीटरने मोठे होते, पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुरते. हेडमध्ये घुसलेल्या बोल्टचे नेमके उलटे. तापलेला बोल्ट फुगून आट्यांतला गंज चिरडतो आणि निवताना आकसून सैल होतो. तो कोमट असतानाच मेणबत्तीचे मेण लावले तर वितळून आत ओढले जाते. यावर पाणी मात्र ओतू नये. तापलेले बीड अचानक निवले की तडकते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड असेल तर जास्तच सांभाळावे लागते, कारण शुद्ध अ‍ॅल्युमिनियमही 660 अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. ज्योत पेटवण्यापूर्वी डिझेलची नळी, सांडलेले तेल आणि ब्रेक क्लीनर दूर हवेत. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असते आणि ते तापले की विषारी वायू निघतो.

यापुढचे काम हाताला कळते. सहा कोनी सॉकेट पूर्ण बसवायचे, म्हणजे डोके गोल होत नाही. आधी किंचित घट्ट करायचे, मग सोडवायचे. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला तर गंज सुटला. पाना रबरासारखा मऊ फिरू लागला तर दांडा पिळतोय. तिथे थांबून पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. पाव फेरा पुढे, थोडा मागे, असे करत चुरा झालेला गंज बाहेर काढायचा.

बोल्ट तुटलाच आणि टोक बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. पकड मिळते आणि त्याच उष्णतेने आटेही सैल होतात. टोक आतच राहिले तर बरोबर मध्यावर भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरावा लागतो. तो फार कडक पोलादाचा आणि म्हणून ठिसूळ असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही. मग हेडच उतरवून मशीन शॉपला न्यावे लागते.

नवा बोल्ट बसवण्याआधी हेडच्या आट्यांत टॅप फिरवून गंज काढायचा आणि तांबे किंवा निकेल असलेली, उष्णता सोसणारी पेस्ट लावायची. एरवी पान्यावरच्या जोराचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो. पेस्टमुळे हे घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून कंपनीने कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्कचा आकडा अशा वेळी कमी करून, मधल्या बोल्टपासून टोकांकडे आवळत जायचे.