पारा पकडणारे पटल

जपानच्या क्यूशू बेटावर समुद्रकाठी मिनामाता नावाचे एक गाव आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत तेथील मांजरे झटके येऊन मरू लागली. १९५६ साली माणसांतही तोच विकार आढळला. हातपाय थरथरत, बोलणे अडखळे, दृष्टी अधू होई. शोधाअंती कारण निघाले पारा! एका रासायनिक कारखान्यात पारा उत्प्रेरक म्हणून वापरीत. त्यापासून बनलेले मिथिल पारा हे विषारी संयुग सांडपाण्याबरोबर समुद्रात गेले, माशांत साठले आणि मासे खाणाऱ्यांच्या शरीरात उतरले.

असा पारा पाण्यातून गाळून का काढता येत नाही? मिठाचे पाणी फडक्यातून, मग गाळणकागदातून गाळून पाहा. खाली आलेले पाणी खारटच लागेल. विरघळलेले मीठ आयनांच्या, म्हणजे विद्युत्भारित अणूंच्या रूपात असते. कागदाची छिद्रे त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी मोठी असतात. पाऱ्याचे आयनही असेच निसटतात.

दुसरी अडचण संख्येची. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. समजा, एखाद्या पाण्यात याच्या दुप्पट पारा आहे आणि कॅल्शियम लिटरमागे ४० मिलिग्रॅम आहे. हिशेब केला तर पाऱ्याच्या एका आयनामागे कॅल्शियमचे सुमारे एक लाख आयन येतात! या गर्दीतून नेमका पारा कसा निवडायचा?

येथे गंधक उपयोगी पडतो. गंधक व हायड्रोजन यांच्या जोडीला थायॉल गट म्हणतात. पाऱ्याशी त्याचा बंध फार घट्ट असतो. कॅल्शियमकडे मात्र तो ढुंकूनही पाहत नाही. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ झाइसे यांनी अशी संयुगे शोधली आणि त्यांना ‘मर्कॅप्टन’, म्हणजे ‘पारा पकडणारे’, असे नाव दिले.

हे गट सिलिकाच्या सूक्ष्म कणांवर रासायनिक रीतीने चिकटवता येतात. कण जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग मोठा आणि पकडही जास्त. पण सुटी भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते आणि नळीत ठासून भरली तर पाणीच तुंबते. म्हणून ती बहुवारिकाच्या द्रावणात कालवतात, काचेवर पातळ पसरतात आणि काच पाण्यात बुडवतात. द्रावक पाण्यात निघून जातो, बहुवारिक घट्ट होते आणि कण धरून ठेवणारे सच्छिद्र पटल तयार होते. पाणी छिद्रांतून पुढे जाते, पारा कणांवर अडकतो.

मात्र सगळ्या जागा भरल्या की पटल निकामी होते. मग तीव्र आम्लासारख्या द्रावणाने पारा सोडवून घेतात. तो नष्ट होत नाही, फक्त थोड्या द्रवात एकवटतो. तो द्रव सुरक्षित जागी ठेवला नाही, तर सारा खटाटोप व्यर्थ!

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या प्रथिनांतही थायॉल गट असतात. शरीरात शिरलेला पारा त्यांनाच घट्ट चिकटतो आणि पेशींचे काम बिघडवतो. म्हणजे ज्या बंधामुळे मिनामाताचे लोक आजारी पडले, त्याच बंधाने पटल पारा पकडते. तो पटलात अडकावा की माणसात, हे सांडपाणी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीच ठरवावे लागते.