वीस टक्के मेहनतीचे गणित आणि आपली चळवळ

स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आणि आता कार्यकर्ता शिबिरांतही एक वाक्य हमखास ऐकू येते : ८० टक्के यश २० टक्के कामातून येते, तेवढे धरा, बाकीचे सोडा. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत याच वाक्यावरून वाद झाला. एका शिबिराहून परतलेल्या मित्राने सुचवले की घरोघरी जाऊन शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेण्यात वेळ फार जातो, हाती थोडे लागते. त्यापेक्षा हुशार पाच-सहा मुलांवरच लक्ष देऊ. आम्हाला ते पटले नाही. पण का पटले नाही, हे तेव्हा नीट सांगताही आले नाही. म्हणून हा नियम आला कुठून, हे शोधायला बसलो.

विल्फ्रेदो पॅरेटो (१८४८-१९२३) हे इटालियन अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी निरनिराळ्या देशांतील उत्पन्नाच्या नोंदी तपासल्या आणि संपत्ती थोड्यांच्या हाती एकवटलेली असते, हे आकड्यांत मांडले. म्हणजे मुळात हे निरीक्षण मेहनतीचे नव्हतेच, विषमतेचे होते. शेतात राबतो कोण आणि सातबारा कोणाच्या नावावर असतो, हे आपल्याला इटलीहून कळायची गरज नाही! पुढे अमेरिकेत गुणवत्ता-नियंत्रणाचे तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी हाच विचार कारखान्यातील सदोष मालाला लावला : थोड्या कारणांमुळे बहुतेक दोष निर्माण होतात. त्याला पॅरेटोचे नाव त्यांनीच दिले, आणि हे नाव देण्यात आपली चूक झाली, अशी लेखी कबुलीही त्यांनीच १९७५ मध्ये दिली. ती कबुली शिबिरांपर्यंत पोहोचली नाही.

८० आणि २० मिळून १०० होतात, म्हणून हा निसर्गाचा कायदा असल्यासारखे वाटते. पण एक आकडा कामाचा आहे, दुसरा फळाचा. त्यांची बेरीज करायचे कारणच नाही. ४० टक्के कामातून ७० टक्के फळ आले, तरी काही बिघडत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. कोणते २० टक्के काम फळले, हे काम झाल्यावर कळते. आधी नाही.

नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह घ्या. २ मार्च १९३० रोजी तो सुरू झाला आणि काही वर्षे चालला. लाठ्या, दगडफेक, तुरुंगवास सारे झाले, पण मंदिर उघडले नाही. ‘परिणाम’ मोजणाऱ्याने त्यासमोर शून्यच लिहिले असते. मात्र मार्च १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, मूर्तीची पूजा करता यावी म्हणून हा लढा नव्हताच; समाजाला त्याच्या स्थितीची जाणीव व्हावी, तो पेटून उठावा, यासाठी होता. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा या अनुभवानंतरची आहे. मग नाशिकची वर्षे कोणत्या रकान्यात टाकणार?

दुसरा नियम दहा हजार तासांचा. इतके तास सराव केला की कोणीही निष्णात होतो, असे सांगतात. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा हजार ही त्यातील सर्वोत्तम वादकांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, पास होण्याची मर्यादा नव्हती. २००८ च्या एका लोकप्रिय पुस्तकाने तिचा नियम बनवला. खुद्द एरिक्सन यांनी त्यावर हरकत घेतली.

इथे आपल्या घरातलीही एक गोष्ट बोलायला हवी. जयंतीला आपण सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यातून ‘जो मागे राहिला तो कमी बसला’ असा अर्थ निघू लागला, तर बाबासाहेबांचे चरित्रच आपण अर्धे वाचले. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. माणूस तोच होता, जिद्द तीच होती. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून, मदत आणि कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. मजूरमंत्री म्हणून कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले, हेही विसरू नये. आणि पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोण भिक्खूला भगवंतांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, तो प्रसंग तर बहुतेकांनी विहारात ऐकलाच असेल.

आमच्या वादाचे पुढे काय झाले? फॉर्मचे काम चालू राहिले. मात्र जुरानचा मूळ मुद्दा आम्ही त्याच्या जागी वापरून पाहिला. अडकलेल्या अर्जांची वही काढली, तर बहुतेक ठिकाणी दोनच कारणे दिसली : बँक खाते आधारला जोडलेले नाही आणि जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा सापडत नाही. आता दर रविवारी आधी ही दोन कामे हाती घेतो. पाच-सहा मुले निवडायला सांगणारा आमचा मित्रच जुन्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरांत लोकांच्या आजोबांची नावे शोधत फिरतो.