पाटी कोणाच्या नावाची?

इंदूरच्या मराठी घरांत दुकान काढणे ही गोष्ट आजही काहीशा संकोचाने सांगितली जाते. होळकरांच्या आश्रयाने जे येथे आले त्यांतील पुष्कळांच्या घरी पुढे कारकुनी, वकिली किंवा आमच्यासारखी मास्तरकी चालली; बाजारपेठेकडे फारसे कोणी वळले नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्या सूनबाईंनी खाजगी शाळेतील नोकरी सोडून भाजणी, मेतकूट व गोडा मसाला विकण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हा आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. सौभाग्यवती मात्र त्याच दिवशी माळ्यावरची मोठी कढई उतरवून मोकळ्या झाल्या.

माल खपू लागला. भोपाळ, जबलपूर, बडोदे येथील आप्तांकडून विचारणा येऊ लागली. "बाबा, आता वेबसाइट हवी," सूनबाई म्हणाल्या. आम्ही 'संकेतस्थळ' हा शब्द सुचविला. त्यावर घरात कोणी काही बोलले नाही.

इंदूरकरांनी या कामी मागे राहणे शोभलेही नसते. आपल्या देशात सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९९९ साली, 'वेबदुनिया' हे हिंदीतील पहिले पोर्टल याच शहरातून सुरू झाले. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली.

ओळखीतल्या एका होतकरू तरुणाने काम पत्करले. सूनबाईंनी आपल्या शिलकीतून त्यास पैसे दिले. पंधरा दिवसांनी त्याने नमुना दाखविला, तेव्हा आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. गोडा मसाल्याखाली 'मीठा मसाला' असे छापले होते! भाजणीची 'भाजनी' झाली होती आणि कुळथाच्या पिठातला 'ळ' नाहीसा झाला होता. त्याने आमचा मजकूर यंत्राकडून हिंदीत करून घेतला होता आणि तोच सोयीस्कर म्हणून मराठी पानावरही चढविला होता. 'ल' आणि 'श' ही अक्षरेही हिंदी वळणाची. हे पान मराठीत आहे अशी खूण पानाच्या मुळाशी लिहिली, आणि टंकात तशी सोय असली, तर मराठी वळणाची अक्षरे उमटतात, हे आम्हांस तेव्हा समजले. आम्ही सगळी पाने कागदावर काढून घेतली आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तशी तांबड्या शाईने तीनदा तपासली.

एकेक वेलांटी पाहिली. पण पाटी कोणाच्या नावाची, हा एक प्रश्न मात्र विचारावयाचा राहून गेला.

गेल्या वर्षी दिवाळीला तीन आठवडे उरले असता आमचे संकेतस्थळ दिसेनासे झाले. चकलीच्या भाजणीचे ते ऐन दिवस. दोन हजार वेष्टने छापून आली होती आणि प्रत्येकावर तो पत्ता ठळक अक्षरांत होता. तरुण नोकरीनिमित्त बेंगळुरूस गेला होता. दूरध्वनीचा क्रमांकही बदललेला. चार दिवसांनी त्याचा शोध लागला. पोराच्या मनात कपट नव्हते. इतर गिऱ्हाइकांप्रमाणेच आमचेही नाव त्याने स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर नोंदविले होते. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या पेटीत न वाचता पडून राहिल्या आणि आमचे नाव दुसऱ्याच कोणी घेऊन टाकले. त्या रात्री सूनबाई वेष्टनांवर कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवीत बसल्या. त्या काही बोलत नव्हत्या. आम्हीही डिंकाची बाटली घेऊन शेजारी बसलो.

मग चौकशी केली. आपण विकत घेतले असे ज्यास म्हणतो ते नाव वास्तविक भाडेपट्ट्याने मिळते. एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. मुदत टळली तर बहुधा काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर अधिक रक्कम भरून सोडविण्याचा काळ, आणि मग ते नाव पुन्हा बाजारात. पण ही सवलत नोंद ज्याची त्यालाच. पैसे कोणी भरले हे तेथे कोणी विचारीत नाही. घराचे नामांतरण स्वतःच्या नावे झाल्याखेरीज आपण गवंड्यास पैसे चुकते करीत नाही. येथे मात्र गवंड्याच्याच नावे घर करून दिले होते.

नाव निराळे, पाने ज्या यंत्रावर राहतात ती जागा निराळी आणि पानांवरचा मजकूर व मांडणी निराळी. तिन्हींच्या किल्ल्या मालकाकडे हव्यात. मजकुराविषयी तर १९५७ चा कॉपीराइट कायदा स्पष्ट आहे: हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तो लेखी द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. आमच्याकडे लेखी असे काहीच नव्हते. पैसे पोचल्याचा फोनवरचा एक अंगठा तेवढा होता.

दुसऱ्या खेपेस सूनबाईंनी नाव स्वतः नोंदविले, स्वतःच्या ई-मेलवर, पाच वर्षांसाठी. पाने करणाऱ्या मुलीकडून एका कागदावर सगळे लिहून घेतले. नाव देवनागरीत असावे असा आमचा आग्रह होता. '.भारत' हे शेपूट २०१४ पासून उपलब्ध आहे व सुरुवातीच्या आठ भाषांत मराठीही होती. पण बडोद्याची मावशी फोनवर रोमी अक्षरेच टंकते, हे सूनबाईंचे म्हणणे खोडता आले नाही. अखेर दोन्ही घेतली; देवनागरी दारातून आत आलेला माणूसही त्याच घरात पोचतो. यंत्र आतल्या आत देवनागरीचे रोमी अक्षरांत रूपांतर करते, ही गोष्ट मात्र आम्हांस अजून खटकते.

खाद्यपदार्थांच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पानावर आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याचा पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्याचे नाव द्यावे, तक्रारीस ४८ तासांत पोच द्यावी व महिन्याभरात तिचे निवारण करावे असे आहे. ते पद सूनबाईंनी आम्हांस दिले. आजवर एकच तक्रार आली: ग्वाल्हेरच्या एका वृद्ध बाईंची. मेतकुटात हिंग कमी आहे. सौभाग्यवतींना ती मान्य नाही, तरी पोच वेळेत दिली.

नव्या नोंदीची मुदत संपावयाची तारीख कॅलेंडरावर लिहावी असे ठरले. पण त्या सालचे कॅलेंडर अद्याप निघालेले नाही. म्हणून ती तूर्त देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूस, तांबड्या शाईने लिहून ठेवली आहे.