अंगणात आलेली शाळा

लाकडाच्या जाड पट्टीत दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बरोबर बसणारा एकेक दट्ट्या, वर धरायला गुंडी. तीन-साडेतीन वर्षांचं मूल सगळे दट्टे काढतं, मिसळतं आणि पुन्हा बसवू लागतं. बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत गेला, तर शेवटी हातात एक असा उरतो की तो कुठंच बसत नाही. मूल थांबतं, निरखून पाहतं, काढतं, पुन्हा लावतं. चूक झाली हे ताईंनी सांगावं लागत नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत पहिली बालशाळा उघडली. त्या सगळ्या विचाराचं मर्म मला दट्ट्यांच्या या पेटीत दिसतं. पुढं मोठं काम अंगावर घेण्याची जी उमेद लागते, ती 'माझं मी करीन' म्हणणाऱ्या मुलाला खरोखरच ते करू देण्यातून येते.

हा विचार पश्चिम भारतात रुजवला तो भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी. वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथं दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. तिथवरची वाट बरीचशी शहरी, शिकलेल्या घरांमधून जाणारी होती. साधनं महाग होती. कुडाच्या घरातल्या पोरापर्यंत ती पोचणार कशी, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, आणि त्यानंतर जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेली ही बाई. बालवाडी थाटली, पण गरीब वस्त्यांमधली मुलं येईनात. मोठ्यांनी कामावर जायचं आणि पोरांनी धाकट्या भावंडांना सांभाळायचं, अशी घरोघरची रीत. पालकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली, मुलांच्या दारापुढच्या अंगणात. अंगणवाडी हे नाव तिथलं. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. कडेवरचं भावंडही चालायचं.

साधनं आजूबाजूला पडलेलीच होती. समुद्रकाठचे शिंपले, खडे, झाडांच्या बिया, पानं, माती. लहान-मोठे शिंपले क्रमानं मांडताना मुलाची नजर तयार होते, बिया ओवताना बोटं. माँटेसरींची शिस्त तीच, फक्त तिला सुताराकडं जाण्याची गरज उरली नाही. दट्ट्यांची पेटी हवीच, असा हट्ट धरला असता तर हे काम दादरच्या पुढं सरकलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

पुढं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या शेजारी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथं कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत, त्या माळावरच अक्षरं आणि अंक. ज्या घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक रेखला जातो, तिथल्या मुलांना चित्रकला बाहेरून आणून द्यावी लागते, असं कोण म्हणेल?

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आहार, लसीकरण, वजन या गोष्टी तिनं घरोघर नेल्या, हे मोठंच काम. मात्र सेविकेचा दिवस नोंदींत आणि मोबाइलवर माहिती भरण्यात जातो, आणि आकसतो तो खेळाचा वेळ. शहरात तऱ्हा वेगळी. तीन वर्षांच्या मुलापुढं चौकटींची वही येते, गृहपाठ येतो, आणि रेघेबाहेर गेलेलं अक्षर खोडून पुन्हा काढायला लावलं जातं. आईबापांच्या महत्त्वाकांक्षेचं ते ओझं असतं. मुलाची स्वतःची उमेद तिथंच दबते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. त्याला अर्थ यायचा असेल तर अंगणवाडी सेविकेचे रोजचे दोन तास नोंदींपासून मोकळे ठेवावेत, आणि तिच्या प्रशिक्षणात तिच्याच गावातल्या बिया, शिंपले, माती घेऊन साधनं करण्याचा सराव असावा. अशी साधनं बोर्डी-कोसबाडला करून दाखवलेली आहेत.