चारचौघांत जात काढली, तर

शिंदखेड्याच्या एसटी स्टँडवर भिल्ल विद्यार्थ्याला कुणी चारचौघांत जातीवरून हिणवलं, तर 1989च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा होतो. हिणवणारा मात्र अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा हवा. चार भिंतींआड, त्रयस्थ कुणी नसताना झालेल्या अपमानाला या कायद्यातलं हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. म्हणून पोलिसांत जायचं की नाही हे ठरण्याआधीच, त्याच दिवशी वहीत लिहा: वेळ, हजर असलेले, आणि शब्द जसेच्या तसे. शिवी लिहिताना हात अडतो, तरी लिहा. पोलिसांत गेलात, तर एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंद नाकारली तर धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं. नोंदीला उशीर नको: जातीवरून छळ झाल्याचा आरोप असलेल्या प्रकरणात जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचा 2019 मध्ये मृत्यू झाला, आणि गुन्हा त्यानंतर नोंदला गेला.