गॅरेजची इपॉक्सी फरशी : चिप्सचा रंग कसा निवडावा?

मोझॅक फरशी घालणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना रंगीत चिप्स नव्या नाहीत. मोझॅकमध्ये संगमरवराची खडी सिमेंटमध्ये मिसळून घोटतात. इपॉक्सीच्या फरशीत प्लॅस्टिकच्या पातळ कपच्या ओल्या थरावर उधळतात. परंतु गिऱ्हाइकाला रंग पसंत पडला नाही, तर अख्खा थर घासून काढावा लागतो. सामान दुसऱ्यांदा विकत आणावे लागते आणि मजुरी बुडते. म्हणून रंगाचा निर्णय काम सुरू होण्यापूर्वीच पक्का झाला पाहिजे.

आमचे सांगणे एवढेच की, रंग कॅटलॉग पाहून नव्हे, तर जागेवरचा मळ पाहून निवडावा. जालना जिल्ह्याची जमीन काळी. पावसाळ्यात चाकांबरोबर चिखल आत येतो, उन्हाळ्यात धूळ. नुसत्या काळ्या फरशीवर ही धूळ उठून दिसते, तर नुसत्या पांढऱ्यावर ऑइल व टायरचे डाग. करडा, काळा, पांढरा व थोडा मातकट असे मिश्रण दोन्ही झाकते. जेथे सळई, पत्रा कापला जातो, तेथे लोखंडाच्या भुकटीचा गंज चढतो. अशा जागी मिश्रणात तपकिरी छटा असावी.

कपचीचा आकारही पाहावा. सुमारे ३ मिलिमीटरच्या बारीक कपच्या दुरून एकच रंग वाटतात. ६ मिलिमीटरच्या कपच्यांचे रंग वेगवेगळे दिसतात. उधळण विरळ असेल तर खालच्या थराचा रंग वरचढ ठरतो, दाट असेल तर तो झाकला जातो. शटरजवळ ऊन पडत असल्यास साधी इपॉक्सी पिवळी पडते व पांढऱ्या कपच्या कळकट दिसतात. तेथे वरचा पारदर्शक थर उन्हात टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा द्यावा.

दीड-दोन फुटांच्या फळीवर त्याच सामानाचा, तितक्याच दाट उधळणीचा नमुना करावा. तो गॅरेजमध्ये ठेवून दिवसा उजेडात व रात्री दिव्याखाली गिऱ्हाइकास दाखवावा, आणि पसंतीची सही घ्यावी. कपच्यांची सर्व खोकी एकाच लॉटची घ्यावीत व आधी एकत्र मिसळावीत, नाहीतर फरशीवर पट्टे दिसतात.

एक उणीवही आधीच सांगावी : ठिपक्यांच्या फरशीवर पडलेला बारीक नट किंवा स्क्रू चटकन सापडत नाही. इंजिन खोलण्याची जागा एकरंगी ठेवणे बरे. धान्याच्या ढिगात आत ओल आढळली, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्या व्यापाऱ्यास ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारले होते. मालाची उणीव आधी सांगणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि अशा रोजीतच बरकत असते.